तिला दोन गोष्टी सांगायच्या होत्या

मी धुलाईच्या कारखान्यात काम करतो. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल, डॉक्टरांचे डगले आमच्याकडे गाठोड्यांनी येतात आणि धुऊन, इस्त्री होऊन, घड्या घालून परत जातात. इस्त्री आणि घडी या विभागाचा मी सुपरवायझर आहे. हाताखाली बावीस माणसं, त्यांतल्या सोळा बायका.

माझी बायको जाऊन सात महिने झाले. हे लिहिताना माझी बाजू सावरायचा मोह होईल, म्हणून आधीच सांगून टाकतो की यात माझी बाजू चांगली नाही.

बारा वर्षांपूर्वी मी एका शिबिराला गेलो होतो. दहा दिवस बोलायचं नाही, नुसतं बसायचं, श्वासाकडे लक्ष द्यायचं. मला ते मानवलं. माझा स्वभाव तापट होता, तो निवळला. तेव्हापासून मी सकाळी आणि संध्याकाळी न चुकता बसतो. पुढे कारखान्यातही सुरू केलं. आठ वाजता यंत्रं सुरू व्हायच्या आधी सगळा विभाग दहा मिनिटं गप्प बसायचा. कोणी बाकावर, कोणी चादरींच्या गाठोड्यावर. कोणी कुजबुजलं तर मी डोळे न उघडता फक्त एक बोट वर करायचो. थांबा, अशा अर्थी. लगेच शांतता व्हायची. माझ्या मागे बॉयलरवाले मामा त्या बोटाची नक्कल करून बायकांना हसवायचे, हे मला नंतर कळलं. मामा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे. बॉयलर बघणारा माणूस कोणाला भीत नसतो. ते मला तोंडावर ‘महाराज’ म्हणायचे.

माझं एक नाव झालं होतं. माणसांच्या मनातलं ओळखणारा सुपरवायझर. घडीवालीच्या मुलाच्या पायाचं प्लास्टर ज्या दिवशी निघायचं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी विचारायचो, “काय, चालायला लागला का?” एखादीच्या आईचं ऑपरेशन असलं तर मी तिला बोलवून सांगायचो, “उद्या येऊ नकोस, हजेरीचं मी बघतो.” बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मालकांनाही ते आवडायचं. दोन हॉटेलं बंद पडली, काम कमी झालं, सगळ्यांचे चेहरे उतरले, तेव्हा मालकांनी मला त्यांच्या दुसऱ्या कारखान्यात भाषणाला पाठवलं. कठीण दिवसांत माणसं कशी सांभाळायची, असा विषय होता. आमच्याही विभागाला ऐकायला नेलं होतं. मी तिथे अर्धा तास बोललो. म्हणालो, रोज शांत बसलं की आपलं मन पाण्यासारखं होतं आणि त्यात दुसऱ्याचं दुःख आपोआप दिसतं.

कोणीतरी फोनवर ते भाषण घेतलं होतं. घरी येऊन मी बायकोला दाखवलं. तिने पूर्ण ऐकलं.

“छान बोललात,” ती म्हणाली. “घसा बसलाय तुमचा. पाणी प्या.”

एवढंच म्हणाली. दुसरी कोणी असती तर हसली असती, नाहीतर भांडली असती. कारण प्लास्टरचं मला तिने सांगितलं होतं. ऑपरेशनचंही तिनेच. जेवताना ती सहज म्हणायची, “उद्या त्या घडीवालीला विचारा हं, पोरगा कसा आहे.” मी दुसऱ्या दिवशी विचारायचो. तिला हे कुठून कळतं, असा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नाही. मला वाटायचं, मीच कधीतरी घरी बोललो असेन आणि तिच्या लक्षात राहिलं असेल. आणि खरं सांगतो, काही वर्षांनी तर तिने सांगितलं हेही मी विसरायला लागलो. सकाळी बसलो असताना ती आठवण वर यायची आणि मला वाटायचं, ही माझ्या साधनेतून आली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो मी.

ती आजारी पडली तेव्हा दवाखान्याने चार महिन्यांनी तिला घरी पाठवलं. आता औषधं आणि आराम एवढंच. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ तिचा पलंग लावला. मी तिचं सगळं केलं, त्यात कसूर केली नाही. अंघोळ, औषधं, केस विंचरणं, सगळं. पण संध्याकाळी सात वाजता मी त्याच खोलीत खुर्चीवर बसायचो, डोळे मिटून. मी स्वतःला सांगायचो, या दिवसांत तर हे सोडून चालणार नाही, याच्याच बळावर उभा आहे. तेही खोटं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी नुकताच बसलो होतो. ती म्हणाली, “अहो, तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्यात.”

मी बोट वर केलं.

डोळे उघडले नाहीत. कारखान्यात करतो तसंच बोट वर केलं. ती गप्प झाली. मी चाळीस मिनिटं बसलो. बैठक चांगली झाली, हेही आठवतं. डोळे उघडले तेव्हा तिला झोप लागली होती. उठवणं जिवावर आलं. म्हटलं, सकाळी विचारू. पहाटे तिला ताप चढला, शब्द फुटेनात. दवाखान्यात नेलं. पाच दिवस ती माझ्याकडे बघत होती, पण बोलू शकली नाही. सहाव्या दिवशी गेली.

पुढचे काही आठवडे मला नीट आठवत नाहीत. कामावर जात होतो, बसत होतो. सकाळी, संध्याकाळी, आता दुपारीही. लोक म्हणायचे, बघा, एवढं झालं तरी माणूस किती शांत आहे. त्या दिवसांत मी कोणालाही काही विचारलं नाही. विचारायला माझ्याकडे काही नव्हतंच. माणसं येत होती, जात होती, चादरी गरम होऊन इस्त्रीच्या रोलरमधून बाहेर पडत होत्या.

मग एक दिवस मॅनेजरने बोलावलं. आणखी एका मोठ्या दवाखान्याने स्वतःची धुलाई सुरू केली होती. मॅनेजर चाळिशीचा, सरळ माणूस आहे.

“तुमच्या विभागातून चार माणसं कमी करावी लागतील,” तो म्हणाला. “पंधरा दिवस आहेत. दुसरा काही मार्ग सुचला तर मला सांगा, मी वर बोलेन. तुम्ही माणसांना ओळखता, म्हणून तुमच्यावर सोडतोय.”

मी पंधरा दिवस बसलो. आतून उत्तर येईल याची वाट बघत राहिलो. आलं नाही. पंधराव्या दिवशी, शुक्रवारी, मी चार नावं लिहून दिली.

त्यांत एक नाव इस्त्रीवाल्या ताईंचं होतं. त्या अठरा वर्षं आमच्याकडे. डॉक्टरांच्या डगल्यांची कॉलर त्यांच्यासारखी कोणी बसवत नाही. मी हिशोब असा केला की त्यांचा नवरा एका कंपनीची बस चालवतो, पक्की नोकरी आहे, मुलगी एकच. एका पगारावर घर चालेल. बाकीच्या तिघांबद्दलही असेच अंदाज. चौघांना त्याच दिवशी सांगितलं. पुढचा शनिवार शेवटचा. ताई “बरं,” म्हणाल्या आणि इस्त्री पुन्हा उचलली.

रविवारी दुपारी त्या माझ्या घरी आल्या. दार उघडलं तर हातात रबरी शेकायची पिशवी.

“काकूंची आहे,” त्या म्हणाल्या. माझ्या बायकोला कारखान्यातले सगळे काकू म्हणत. “माझा खांदा धरला होता तेव्हा दिली होती. परत द्यायची राहिली.”

“राहू दे की तुमच्याकडे.”

“नको. ज्याची वस्तू त्याच्या घरी असावी.”

मी बसा म्हटलं. त्या पलंगाकडे न बघता खुर्चीच्या कडेवर बसल्या. मी चहा ठेवायला उठलो, तर म्हणाल्या, “चहा नको साहेब. एक विचारायचंय. खरं सांगाल?”

“विचारा.”

“काकूंनी तुम्हाला आमच्या ह्यांचं सांगितलं होतं ना?”

“काय?”

“डोळ्याचं. डाव्या डोळ्याचं दिसणं गेलं त्यांचं. बसवरून काढलं. घरी आहेत ते तेव्हापासून.” त्या माझ्याकडे एकटक बघत होत्या. “मी काकूंना फोनवर सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, आज संध्याकाळीच सांगते ह्यांना. म्हणून मी समजून होते, की साहेबांना माहीत आहे. शुक्रवारी तुम्ही माझं नाव वाचलंत, तेव्हा मला वाटलं, माहीत असून वाचलं. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही लागला. म्हटलं, एवढं काय वाकडं केलं मी ह्यांचं?”

मला लगेच कळलं. सात वाजले होते, ती म्हणाली होती ‘दोन गोष्टी’, आणि मी बोट वर केलं होतं.

त्या क्षणी मी खरं बोलू शकत होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, “नाही हो. ती काही बोलली नाही मला.”

ताईंनी पलंगाकडे पाहिलं.

“शेवटी शेवटी तिच्या लक्षात राहत नव्हतं,” मी म्हणालो. “औषधंच तशी होती. विसरली असेल.”

हे मी बोललो. जिला अठरा गोळ्यांच्या वेळा पाठ होत्या, जिने आजारपणात मला वीजबिलाची तारीख सांगितली, तिच्याबद्दल.

“काकू विसरल्या?” ताई हळूच म्हणाल्या. “माझ्या मुलीच्या परीक्षेची तारीख माझ्यापेक्षा त्यांना पाठ होती.”

“आजारी माणूस...”

“हो. आजारी माणूस.” त्या उठल्या. “मग बरं झालं म्हणायचं. तुम्ही मुद्दाम नाही केलंत.” दारात थांबून त्या म्हणाल्या, “पण मग मी आता रागवू कोणावर? गेलेल्या माणसावर?”

त्या गेल्या. पिशवी खुर्चीवर होती, रिकामी, चपटी.

बायकोचा फोन मी बंद करून कपाटात ठेवला होता. तो काढला, चार्ज केला. ती बोलली त्या शेवटच्या दिवसाचे फोन बघितले. ताईंचा फोन दुपारी तीन वीसला, अकरा मिनिटं. त्यानंतर कोणाचा नाही. मग मी मागे मागे जात राहिलो. तीन वाजता आमच्याकडे चहाची सुट्टी होते. रोज तीन ते साडेतीनमध्ये एक-दोन फोन. घडीवाली. ताई. रोलरवरच्या दोघी. मामासुद्धा. तिने नावं लिहून ठेवली होती आणि नावापुढे काहीतरी: ‘घडीवाली, मुलगा पाय’, ‘रोलर, सासूबाई ऐकू येत नाही’, ‘मामा, गुडघा’. आजार वाढला तसे फोन कमी झाले. शेवटच्या महिन्यात फक्त ताईंचा.

सोमवारी साडेसातलाच मी कारखान्यात गेलो. मामा बॉयलरच्या काट्याकडे बघत उभे होते. वळले नाहीत.

“काकू विसरल्या म्हणे,” ते म्हणाले.

म्हणजे तोपर्यंत सगळीकडे झालं होतं.

“मामा, तुम्ही तिला फोन करायचात?”

“सगळेच करायचे. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? अहो, त्या एकदा तुमचा चष्मा द्यायला आल्या होत्या ना, दहा वर्षं झाली असतील. तासभर बसल्या बायकांत. नंबर देऊन गेल्या. म्हणाल्या, ह्यांना सांगायला अवघड वाटलं तर मला सांगा, मी जेवताना घालते कानावर.” आता ते वळले. “तुमचं ते बोट बघून तुमच्याशी बोलायची हिंमत कोणाची होती? आम्ही काकूंना सांगायचो, त्या तुम्हाला सांगायच्या, तुम्ही येऊन आम्हालाच विचारायचात. आम्ही म्हणायचो, चला, टपाल पोचलं.”

“मग त्या भाषणाला सगळे टाळ्या...”

“काकूंसाठी वाजवल्या.” मामांनी कापडाला हात पुसले. “महाराज, मी अडाणी माणूस. तुमचं ते डोळे मिटणं चांगलंच असेल. पण काकू विसरणाऱ्यातल्या नव्हत्या. ते तेवढं बोलायला नको होतं तुम्ही.”

त्यांना माहीत नव्हतं ते खोटं आहे. त्यांना फक्त ते पटलं नव्हतं. माझ्याच बायकोबद्दल मी बोललेलं त्यांना पटलं नव्हतं, आणि मला ते शांतपणे बोलता आलं होतं.

आठ वाजता सगळे बसले. ताई त्यांच्या टेबलाजवळ, नेहमीच्या जागी. सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. इतक्या वर्षांत मी हा विभाग बसलेला कधी पाहिलाच नव्हता. रोलरवरची एक झोपली होती, तोंड उघडं. घडीवाली बोटांवर काहीतरी मोजत होती. नवी लागलेली मुलगी गळ्यातला धागा चावत होती. दोघी एकमेकींकडे बघून हसणार होत्या, मी बघतोय हे दिसताच घाबरून डोळे मिटले. ताईंचे डोळे उघडे होते. त्या टेबलावरच्या थंड इस्त्रीकडे बघत होत्या.

“एक बोलायचंय,” मी म्हणालो.

सगळ्यांनी डोळे उघडले. कोणीतरी घड्याळाकडे पाहिलं. दहा मिनिटं झाली नव्हती.

मला नीट बोलता येईना. भाषणाच्या दिवशी अर्धा तास बोललो होतो, इथे चार वाक्यं जड गेली. मी म्हणालो, “माझी बायको विसरली नव्हती. ती मला सांगत होती. मी डोळे मिटून बसलो होतो, तर मी हे केलं.” आणि मी बोट वर करून दाखवलं. “ती गप्प बसली. मग तिला बोलताच आलं नाही. ताई, काल मी तुमच्याशी खोटं बोललो. माझी चूक मी तिच्या अंगावर टाकली.”

मामा दारात उभे होते, त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. काही वाटलं नाही. फक्त लाज होती, ती आता बावीस जणांसमोर होती.

ताई म्हणाल्या, “काल मी घरी जाऊन त्यांना बोलले, साहेब. काकूंना. मनातल्या मनात. म्हटलं, शब्द दिला होतात आणि विसरलात.” त्यांचा आवाज चढला नाही. “ते परत कसं घेऊ आता मी?”

मी त्यांना हात जोडले.

“दुसरं असं,” मी म्हणालो, “की ती चार नावं मी कोणाला न विचारता दिली. मला तुमच्यातल्या कोणाचंही काही माहीत नाही. मॅनेजरने दुसरा मार्ग विचारला होता. पंधरा दिवस होते. मी तुम्हाला विचारायला हवं होतं. आता विचारतो.”

मग घडीवाली म्हणाली, “आता विचारून काय उपयोग? वेळेवर विचारलं असतं तर आम्ही तेव्हाच सांगितलं असतं. सगळ्यांनी आठवड्यातून एक दिवस घरी बसायचं. दिवस कापा, माणसं कशाला कापता?”

“आमचं तर चहाला ठरलंही होतं,” रोलरवरची म्हणाली. “पण तुम्हाला सांगणार कोण? काकू नाहीत.”

“मी म्हटलं होतं मी सांगतो,” मामा दारातून म्हणाले. “पण दर वेळी बघावं तर महाराज समाधीत.”

कोणीतरी हसलं. मग तीन-चार जणी हसल्या. ताई हसल्या नाहीत. मीही नाही.

मॅनेजरकडे गेलो. त्याने ऐकून घेतलं, मग पेन टेबलावर ठेवलं.

“हे चांगलं आहे,” तो म्हणाला. “पण पंधरा दिवस दिले होते तुम्हाला. तेव्हा का नाही बोललात?”

“तेव्हा विचारलं नाही कोणाला.”

“मग करत काय होतात?”

“बसलो होतो.”

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्याही चेहऱ्यावर मला लाज दिसली, माझ्यासाठीची. ती सहन होत नाही. त्याची यादी वर पाठवून झाली होती. ती थांबवायला त्याला चार दिवस लागले, दोनदा नकार आला. गुरुवारी त्याने सांगितलं, तीन महिने दिवस कापून बघू. चौघांतल्या एकाने तोवर दुसरीकडे काम धरलं होतं. जाताना त्याने माझा हात हातात घेतला नाही. बाकी तिघं राहिली. ताई राहिल्या.

राहिल्या, म्हणून मी त्यांच्या टेबलाजवळ गेलो. काहीतरी बोलावं असं वाटलं. त्या कॉलर बसवत होत्या.

“तुमच्यासाठी राहिले नाही,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “कामासाठी राहिलेय.”

“हो,” मी म्हणालो.

ते तीन महिने संपले. पुढे पुन्हा तीन वाढवून मिळाले. सकाळी आम्ही अजून बसतो, कारण बायकाच म्हणाल्या, राहू द्या, तेवढीच दहा मिनिटं पायांना विसावा मिळतो. पण आता ज्याला बोलायचंय तो बोलतो. मी डोळे उघडे ठेवतो आणि हात मांडीखाली. सुरुवातीला कोणी बोलत नव्हतं. मग मीच एकेकाकडे जायला लागलो, चहाच्या वेळी, खिशात छोटी वही घेऊन. माझ्या लक्षात राहत नाही. तिच्या राहायचं.

लोकांना वाटतं, माणूस सुधारला. मालकांनी पुन्हा एकदा भाषणाला विचारलं, मी नाही म्हटलं. मी सुधारलो म्हणून विचारत फिरत नाही. तिला दोन गोष्टी सांगायच्या होत्या. एक ताईंची होती. दुसरी कोणाची? शेवटच्या महिन्यात ताईंशिवाय कोणाचा फोन नव्हता, पण कोणी घरी येऊन काही बोललं असेल, निरोप दिला असेल. म्हणून मी सगळ्यांना विचारलं, त्या आठवड्यात तुम्ही तिला काही सांगितलं होतंत का? मामा म्हणाले, “मी महिन्याआधी विचारलं होतं, गुडघ्याला कोणतं तेल लावू. ते काही सांगण्यासारखं नाही.” रोलरवरच्या दोघींनी मानेने नाही म्हटलं. घडीवाली थोडा विचार करून म्हणाली, “माझंच असेल साहेब. माझ्या सुनेचं, तिला दिवस गेले होते ना.” मी घरी जाऊन वही बघितली. तिच्या सुनेला दिवस गेले ते नंतर, दोन महिन्यांनी. तिने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं. माझ्या बायकोने असंच केलं असतं.

गेल्या आठवड्यात ताई चहाचा पेला घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. त्या घटनेनंतर आपण होऊन पहिल्यांदाच.

“ते दुसरं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सगळ्यांना विचारत फिरता ते. ते कदाचित त्यांचं स्वतःचं असेल.”

“हो,” मी म्हणालो. “मलाही तसंच वाटतं.”

“मग ते इथे विचारून कसं सापडणार?”

“नाही सापडणार.”

“आणि तरी विचारता?”

“दुसरं काय करू?”

त्यांनी एक घोट घेतला. पलीकडे रोलरचा पट्टा घासत होता, त्याचा आवाज येत होता. त्या जातील असं वाटलं. गेल्या नाहीत.

“काल ह्यांना डॉक्टरांकडे नेलं होतं,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या डोळ्याचं...”

मी खिशातून वही काढली.

“वही नको,” ताई म्हणाल्या. “ऐका नुसतं.”

मी वही परत खिशात ठेवली.